नैशनिष्क्रमण-मीमांसा

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगावे, अशी पूर्वाचार्यांची आज्ञा आहे. ती शिरोधार्य मानून सांगतो. प्रस्तुत शास्त्राचा विषय: उच्च पर्वतप्रदेशात, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली चाललेल्या बहुदिवसीय पदभ्रमणात, तंबूत निजलेल्या मनुष्याचे मध्यरात्री लघुशंकेसाठी बाहेर पडणे. प्रयोजन: त्या मनुष्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या निद्रेचे यथाशक्य रक्षण. संबंध: प्रतिपाद्य-प्रतिपादक. राहिला अधिकारी. ज्याने बारा हजार फुटांवर किमान एक रात्र काढली आहे आणि त्या रात्री 'जावे की न जावे' हा विचार एकाहून अधिक वेळा केला आहे, तोच या शास्त्राचा अधिकारी होय. ज्याने एकदाच विचार केला आणि जो उठून गेला, तो कर्मयोगी असेल, जिज्ञासू नव्हे.

पर्वतारोहणावर विपुल वाङ्मय उपलब्ध आहे. हिमलोट, हिमदंश, प्राणवायूची नळकांडी, शेर्पांचे शौर्य यांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. मात्र रात्री पावणेदोनच्या सुमारास तंबूत जे घडते त्याविषयी बहुतेक ग्रंथकार मौन पाळतात. हे मौन संकोचातून आले, असा एक पक्ष आहे. तो ग्राह्य नाही. मौनाचे खरे कारण प्रमाणशास्त्रीय आहे. घटना जो घडवतो तो अर्धवट झोपेत असतो, आणि जो पूर्ण जागा असतो त्याने झोपेचे सोंग घेतलेले असते. त्यामुळे दोघांपैकी कोणाचीही साक्ष नोंदवता येत नाही.

विषय क्षुद्र आहे, असा आक्षेप येईल. आक्षेपकाने मार्गदर्शित पदभ्रमणाची दिनचर्या पाहावी. शिटी वाजली की उठायचे, शिटी वाजली की चहा, शिटी वाजली की डबा भरून रांगेत उभे राहायचे. मोजणी होते. पुढे एक गाईड, मागे एक गाईड. कुठे बसावे, कुठे बसू नये, पाठीवरची पिशवी कुठे उतरवावी, बर्फावर कोणाच्या पावलावर पाऊल टाकावे, हे सर्व दुसऱ्याने ठरवलेले. चोवीस तासांत मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेला उरलेला एकमेव प्रांत म्हणजे हे निष्क्रमण. म्हणून हा प्रश्न प्रथमतः स्वातंत्र्याचा आहे, मूत्राशयाचा नंतर.

क्षेत्रनिश्चिती

निरीक्षणासाठी मौदा हे क्षेत्र निवडले आहे. नागपूरच्या पूर्वेस, भंडाऱ्याच्या वाटेवर, कन्हान नदीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरही उंच नाही. सभोवती धानाच्या सपाट बांध्या. क्षितिजावर उंच असे जे काही दिसते, त्या एनटीपीसीच्या २,३२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. आणि त्यांवर चढण्याची कोणालाही मुभा नाही.

शास्त्राला शुद्ध नमुना लागतो. पुण्यामुंबईचा पदयात्री सह्याद्रीने आधीच दूषित केलेला असतो. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटरचे. सकाळी चढून सायंकाळी घरी. मुक्काम पडलाच तर तो देवळात, गावकऱ्याच्या ओसरीवर किंवा हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी गुहेत. गुहेला चेन नसते. चेनीवाचून निष्क्रमण म्हणजे केवळ बाहेर जाणे. त्यात शास्त्र नाही. मौदेकराच्या मनावर असे कोणतेही पूर्वसंस्कार नाहीत. मेळघाटातले वैराट सुमारे ११७७ मीटर भरते, परंतु त्याच्या माथ्याजवळ मौदेकर गाडीने जातो आणि गरम भजी खाऊन गाडीनेच परततो.

सपाट भूमीवरचा, उन्हाने भाजलेला देह पर्वताला अपात्र असतो, हा ग्रह मात्र येथेच खोडून काढणे भाग आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांपैकी पाच जणांनी २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट गाठले. विदर्भाचा देह वर जातो. तो रात्री काय करतो, एवढाच प्रश्न आहे.

मौद्याच्या निवडीमागे दुसरेही एक कारण आहे आणि ते वाङ्मयीन आहे. शेजारचा तालुका रामटेकचा. मेघदूतातला रामगिरी म्हणजे हाच रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले, आणि नागपूर जिल्ह्यात त्याविरुद्ध बोलण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. ते प्रतिपादन मान्य केल्यास रामटेकहून हिमालयापर्यंतचा आपल्या वाङ्मयातला सर्वांत प्रसिद्ध मार्गदर्शित प्रवास याच परिसरातून निघाला, असे म्हणावे लागते. यक्ष हा मार्गदर्शक, मेघ हा यात्रिक, मुक्काम ठरलेले, उज्जयिनीला वाकडी वाट करण्याची सूचनाही दिलेली. त्या मार्गदर्शनाचा गाभा द्विविध आहे: थकलास की नद्यांचे पाणी पी, आणि वाटेत ठिकठिकाणी रिता हो. आजचा गाईड यातला पहिला अर्धा भाग दिवसातून वीस वेळा सांगतो. दुसरा अर्धा तो गाळतो. या एका गाळण्यातून प्रस्तुत शास्त्राचा उगम झाला.

मार्ग म्हणून सार पास घेतला आहे. हिमाचलातल्या कुल्लू जिल्ह्यात, पार्वती खोऱ्यात, सुमारे १३,८०० फुटांवरची ही खिंड. युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया आणि इतरही अनेक संस्था उन्हाळ्यात येथे पदभ्रमणे काढतात, आणि त्यांत मराठी पायांची संख्या लक्षणीय असते. मौद्याहून नागपूर, नागपूरहून रेल्वेने दिल्ली, दिल्लीहून रात्रीच्या बसने भुंतर, तेथून पार्वती नदीच्या काठाकाठाने कसोल. पुढे पायी. ग्रहण गाव, पाद्री, मिंग थाच, नागारू. मग खिंड ओलांडून पलीकडे उतारावर बिस्केरी थाच. कुल्लूकडे डोंगरातल्या चराऊ कुरणाला थाच म्हणतात. ग्रहण सुमारे ७,७०० फुटांवर आहे, नागारू सुमारे १२,५०० फुटांवर. या दोन आकड्यांच्या दरम्यान मनुष्याचा स्वतःच्या मूत्राशयावरचा विश्वास संपूर्णतः नष्ट होतो.

लक्षण

नैशनिष्क्रमणाचे लक्षण असे: शयनकोशात प्रविष्ट झालेल्या व्यक्तीने, सूर्यास्तानंतर व पहाटेच्या चहापूर्वी, मूत्राशयाच्या प्रेरणेने, चेन उघडून, परत येण्याच्या निश्चयाने केलेले तंबूबाह्य गमन.

शयनकोश म्हणजे लोकव्यवहारात स्लीपिंग बॅग. या लक्षणातले प्रत्येक पद आवश्यक आहे. 'मूत्राशयाच्या प्रेरणेने' हे पद नसते तर मोबाईलला रेंज मिळते का हे पाहायला बाहेर जाणारे लक्षणात शिरले असते आणि अतिव्याप्ती झाली असती. 'परत येण्याच्या निश्चयाने' हे पद घोरण्याला कंटाळून उशीसकट दुसऱ्या तंबूत स्थलांतर करणाऱ्यांना वगळते. 'सूर्यास्तानंतर' या पदावर मात्र विद्वानांत वाद झाला आहे, कारण त्यामुळे या विषयातले सर्वांत विख्यात उदाहरण शास्त्राबाहेर जाते. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचला. चढताना भरपूर द्रव घेतलेला असल्याने तेथेच मोकळे होण्यावाचून गत्यंतर उरले नाही, असे त्याने पुढे आत्मवृत्तात प्रांजळपणे नोंदवले. तथापि वेळ सकाळी साडेअकराची होती. आसपास तंबू नव्हता, चेन नव्हती, कोणाची झोपमोड झाली नाही. ते कृत्य ऐतिहासिक खरे, पण नैशनिष्क्रमण नव्हे. मोठ्या नावासाठी लक्षण सैल करणे शास्त्राला परवडत नाही.

कारणे

कारणे चार. पहिले उच्चता. नागारूच्या तंबूत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के असतो. प्राणवायू कमी पडतो म्हणून देह भराभर श्वास घेतो. त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होते. समतोल साधण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकू लागतात, आणि त्याबरोबर पाणीही जाते. वैद्यकशास्त्र याला शुभलक्षण मानते: देह उंचीशी जुळवून घेत आहे. याचा अर्थ रात्रीतून तीनदा उठणारा मनुष्य हाच तंबूतला सर्वांत निरोगी मनुष्य असण्याचा संभव आहे. त्याच्या नावाने पुटपुटणारे उरलेले सहा जण ही बाब विचारात घेत नाहीत.

दुसरे कारण शैत्य. थंडीत हातापायांच्या त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त देहाच्या मध्यभागी जमते, आणि शरीरात द्रव फार झाला असा मूत्रपिंडांचा समज होतो. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मौदा ते नागारू हा हिशेब केवळ उंचीच्या अंगाने सुमारे २३ अंशांचा भरतो. रात्र, बर्फ आणि वारा यांची भर वेगळी. ज्या देहाने काही दिवसांपूर्वी ४५ अंशांत कूलरची पाण्याची टाकी भरली, त्याच्या मूत्रपिंडांचा समज झाला तर त्यांना दोष देता येत नाही.

तिसरे कारण उपदेश. "पानी पीते रहो" हे गाईडचे महावाक्य. या ठिकाणी मौदेकर देहाचे वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे, कारण आजवरच्या विवेचनात ते आलेले नाही. विदर्भाच्या मे महिन्यात वाढलेला मनुष्य माठाजवळून रिकामा जातच नाही. तो तहान लागण्यापूर्वी पितो, घराबाहेर पडताना पितो, परतल्यावर पितो, आणि खिशात कांदा ठेवून पुन्हा पितो. ते सर्व पाणी घामावाटे हवेत जाते. मूत्रपिंडांपर्यंत त्याचा अत्यल्प हिस्सा पोहोचतो. हाच मनुष्य हिमालयात त्याच निष्ठेने पितो. तेथे सायंकाळी पाचनंतर घाम येत नाही. पाण्याचा हमरस्ता बंद होतो आणि सर्व वाहतूक पर्यायी मार्गावर येते. यास आम्ही स्वेदलोप असे नाव देतो. पुण्याच्या आणि मौद्याच्या यात्रिकाने समान उपदेश ऐकला, तरी मौदेकर अधिक पितो आणि अधिक वेळा उठतो. कारण त्याला अजून कळलेले नसते की आपल्याला घाम येत नाही.

चौथे कारण औषध. उंचीच्या त्रासावर कित्येक जण ॲसिटाझोलामाइड घेतात. मूत्राचे प्रमाण वाढवणे हा त्या औषधाचा स्वभावच आहे. ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. शेजाऱ्याला विचारून घेण्याची पद्धत अद्याप पडलेली नाही.

पक्ष

निष्क्रमणाच्या प्रश्नावर तंबूत चार पक्ष दिसून येतात.

पहिला निग्रहवाद. प्रेरणा झाली तरी उठायचे नाही, सकाळ होईलच, असा याचा सिद्धान्त. यात दोन उपपंथ आहेत. कूसपंथी कूस बदलतात. डाव्या कुशीवर प्रेरणा कमी होते असे एक मत, उजव्या कुशीवर कमी होते असे दुसरे, आणि दोन्ही मते एकाच व्यक्तीने एकाच रात्री मांडल्याचे आढळते. कालपंथी कूस बदलत नाहीत; ते डोळे मिटून वेळेचा अंदाज बांधतात. चार तर नक्की वाजले असतील, अशी त्यांची खात्री झाली की ते घड्याळ पाहतात. घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटे झालेली असतात. निग्रहवादाचा पराभव बहुधा याच क्षणी होतो.

निग्रहवादाला एक तात्त्विक आधार दिला जातो आणि एक तात्त्विक विरोध केला जातो. विरोधकांचे म्हणणे: साठवलेले मूत्र गरम ठेवण्यात देहाची उष्णता खर्च होते, सबब रिते झाल्यावर ऊब येते. हे मत गाईडमंडळींत लोकप्रिय आहे आणि ते टिकत नाही. मूत्र देहातच तयार होते, देहाच्याच तापमानाला असते. पिशवीत शांत पडून राहिलेल्या मनुष्याला त्यासाठी वेगळे सरपण लागत नाही. परंतु रिते न झालेला मनुष्य शांत पडून राहत नाही. तो दर दहा मिनिटांनी पिशवीचे तोंड उघडून विचार करतो, आणि ऊब जाते ती त्या तोंडातून. विरोधकांचा निष्कर्ष बरोबर, युक्तिवाद चुकीचा. शास्त्रात असे वारंवार घडते.

दुसरा पूर्वोत्सर्गवाद. झोपण्यापूर्वी तीनदा जाऊन यायचे. यातली तिसरी फेरी केवळ प्रतीकात्मक असते. मूत्रपिंडे रात्री काम थांबवत नाहीत, या क्षुल्लक बाबीवर हा वाद उभा आणि आडवा होतो.

तिसरा सहगमनवाद. एकट्याने जायचे नाही. कोणाला तरी उठवायचे. याचे स्वरूप समजण्यासाठी नागारूच्या एका तंबूतला काका-पुतण्याचा संवाद मूळ बोलीत देणे उचित ठरेल.

"काका, झोपले का जी?"

"हो."

"बरं."

थोडा वेळ शांतता.

"काका, बाहेर अंधार लय हाये."

"मंग? रात्री अंधारच राहते न बाबू."

"तुमाले नाही लागली का?"

"नव्हती लागली बे. आता लागली."

या संवादाचे शास्त्रीय मूल्य मोठे आहे. पहिल्या प्रश्नाला होकार आला, हा वदतोव्याघात होय. झोपलेला मनुष्य 'हो' म्हणत नाही. तरीही पुतण्याने तो मान्य केला, कारण नात्यातली मर्यादा तर्कापेक्षा मोठी. शेवटच्या वाक्यात संक्रमणसिद्धान्त सिद्ध होतो: निष्क्रमणेच्छा उच्चारमात्रे पसरते. तीन मिनिटांत त्या तंबूतले पाच जण उठून बसले होते. सहाव्याने पांघरूण डोक्यावर ओढले. तो निग्रहवादी होता आणि पहाटे तीन वाजता एकटा गेला.

चौथा पात्रवाद. रुंद तोंडाची बाटली जवळ ठेवायची आणि बाहेर जायचेच नाही. ध्रुवीय व अतिउच्च मोहिमांत ही पद्धत प्रतिष्ठित आहे. तेथे बाटलीवर ठळक खूण करतात. सात जणांच्या तंबूत सातही बाटल्या एकाच दुकानातल्या असताना ही पद्धत अवलंबणे धोक्याचे आहे. तूर्त एवढेच.

स्त्रियांच्या तंबूला मात्र यातला एकही पक्ष लागू पडत नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल. तेथे संघनिष्क्रमण आढळते. एक उठली की बाकीच्यांना हाक जाते. ज्यांना यायचे नसते त्याही येतात. दोघी पुढे, दोघी मागे, मधली विजेरी धरते, आणि शौचाच्या तंबूपाशी पाळ्या लागून दहा मिनिटांत सर्व परत. पुरुषांच्या तंबूची चेन रात्रीतून कितीदा वाजते याची गणती नाही. स्त्रियांची एकदा, फार तर दोनदा. व्यवस्थेच्या दृष्टीने यांतले श्रेष्ठ काय, याविषयी मतभेदाला जागा नाही.

अवस्था

न्यायशास्त्राने पर्वतावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करायला शिकवले. पर्वतावर प्रत्यक्ष निजल्यानंतर त्या व्याप्तीचा उपयोग मर्यादित वाटू लागतो. तेथे उपयुक्त व्याप्ती अशी: जेथे जेथे घोरणे अकस्मात थांबते, तेथे तेथे मनुष्य जागा झालेला असतो आणि उठायचे नाही असे ठरवत असतो. ही झाली पहिली अवस्था. तिचा काल पाच मिनिटांपासून अडीच तासांपर्यंत.

दुसरी अवस्था चेनीची, आणि संपूर्ण शास्त्राचे मर्म येथे आहे. चेनी तीन: शयनकोशाची, तंबूच्या आतल्या पडद्याची, बाहेरच्या पडद्याची. त्या कशा उघडाव्यात, यावर दोन घराणी आहेत. द्रुत घराण्याचे लोक एका हिसक्यात चेन ओढतात. आवाज मोठा, पण क्षणिक. विलंबित घराण्याचे लोक शेजाऱ्याविषयीच्या दयेने एकेक दात सोडवत जातात. श्रोत्याच्या अनुभवास असे येते की द्रुत चेनीने तो दचकतो आणि पुन्हा झोपतो. विलंबित चेन मात्र ती कधी संपते याची वाट पाहायला लावते, आणि मध्येच ती थांबली की श्रोता पूर्ण जागा होतो. ती मध्ये थांबतेच. पडद्याचे कापड दातांत अडकते. मग दोन्ही हात लागतात, म्हणून विजेरी तोंडात धरावी लागते. गुडघ्यांवर बसलेला, तोंडात पेटती विजेरी धरलेला, नाकातून वाफ सोडणारा तो साधक अडकलेले कापड एका बोटाने मागे ओढतो आणि दुसऱ्याने चेन पुढे ढकलतो. त्याची लाळ विजेरीवरून मनगटावर येते आणि तेथे गार होते. विजेरीचा झोत त्याच्या प्रत्येक श्वासागणिक झोपलेल्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो. दयेपोटी स्वीकारलेल्या मार्गाने असे सर्वोदयी जागरण घडते. सबब आमचा कौल द्रुत घराण्याला.

तिसरी अवस्था पादत्राणांची. सात मनुष्ये, चौदा बूट, सर्व दाराशी, सर्व चिखलाने एकवर्ण झालेले. निष्क्रमक स्वतःचे बूट शोधत नाही; त्याला सापडतात ते बूट. डावा एकाचा, उजवा दुसऱ्याचा, नाड्या मोकळ्या, टाच मोडलेली. बूट बाहेर राहिले असतील तर ते गोठलेले असतात. या बाबतीत हिलरीचा आधार निःशंकपणे घेता येतो, कारण प्रसंग तंबूतला आणि रात्रीचा आहे. शिखराच्या आदल्या रात्री, सुमारे २७,९०० फुटांवर, त्याने बूट काढून ठेवले. सकाळी ते दगडासारखे कडक झालेले निघाले आणि स्टोव्हवर शेकून मऊ करण्यात दोन तासांच्या आसपास गेले. तेनसिंगने बूट पायांतच ठेवले होते. बूट तंबूच्या आत, शक्य तर पिशवीत पायथ्याशी ठेवावेत, हा नियम त्या दोन तासांवर आधारलेला आहे.

चौथी अवस्था दोरांची. तंबूचे ताणलेले दोर दिवसा सर्वांना दिसतात. रात्री ते एकालाच सापडतात.

पाचवी अवस्था म्हणजे मूळ कार्य. निसर्गसंवर्धनाचा सर्वमान्य दंडक असा की पाण्याचे स्रोत व तंबू यांपासून सुमारे २०० फूट दूर जावे, आणि सायंकाळी गाईड तसे बजावतोही. अनुभवास येणारा नियम वेगळा आहे: तुटलेले अंतर हे तापमानाच्या समप्रमाणात असते. ग्रहणला मनुष्य ठरल्या जागेपर्यंत जातो. मिंग थाचला तो पहिल्या मोठ्या दगडापाशी थांबतो. नागारूचा तळ धारेवर, वाऱ्याच्या तोंडी असल्याने तेथे दगडाची अटही उरत नाही, आणि वाऱ्याची दिशा न पाहणाऱ्यास ती तत्काळ कळते. हे शास्त्रीय सत्य आहे, समर्थन नव्हे. खालच्या गावाला जे पाणी जाते ते याच उतारावरून.

याच अवस्थेत एक आनुषंगिक फळ मिळते. मौद्याला वीज केंद्राच्या आणि महामार्गाच्या दिव्यांत जी आकाशगंगा दिसत नाही ती येथे माथ्यावर पसरलेली असते. तिचे दर्शन मुख्य हेतूने बाहेर आलेल्यालाच घडते. तारे पाहायचे म्हणून गजर लावणारे गजर बंद करून झोपतात. मीमांसकांनी आनुषंगिक फळाची जी व्याख्या केली आहे, तिला याहून निर्दोष उदाहरण सापडणे कठीण.

सहावी व अंतिम अवस्था पुनरागमनाची. संस्थेचे सर्व तंबू एकाच रंगाचे. निष्क्रमक बाहेर पडताना दिशा पाहत नाही, परतताना पाहतो. परक्या तंबूत शिरलेल्या मनुष्यास तेथे रिकामी पिशवी आढळली, तर तो तिचा मालकही बाहेर गेलेला आहे हे लक्षात न घेता झोपतो. या एका चुकीतून सकाळच्या मोजणीत दोन तंबूंचे आकडे जुळत नाहीत.

नागारूनंतर निष्क्रमणांची संख्या एकदम घटते, ही नोंद येथे करावी. दुसऱ्या दिवशी खिंड चढून, बर्फावरून बसल्या बसल्या घसरत बिस्केरीला सुमारे ११,००० फुटांवर मुक्काम होतो. उंच चढावे आणि खाली निजावे, हे पर्वतवैद्यकाचे जुने तत्त्व. त्याचे फळ तंबूला प्रथम ऐकू येते.

निर्णय

विधी: जाग आली की उठावे. अडीच तास विचार करून शेवटी उठलेला आणि तत्काळ उठलेला, हे दोघेही सारख्याच थंडीत सारखेच अंतर तोडतात. पाण्याचा मोठा वाटा दिवसा घ्यावा, सायंकाळनंतर बेताने. मात्र रात्री उठावे लागेल या भीतीने पाणी तोडू नये, कारण बारा हजार फुटांवर कोरडा पडलेला देह झोपमोडीपेक्षा मोठा प्रश्न उभा करतो. विजेरी गळ्यात असावी. मौदेकराने ग्रहणच्या पुढे आपल्याला घाम येतो की नाही, हे दररोज सायंकाळी स्वतःच्या पाठीला हात लावून तपासावे.

निषेध: 'झोपले का' हा प्रश्न विचारू नये. ज्यास सोबत हवी आहे त्याने सरळ "चला" म्हणावे.

राहता राहिला पादत्राणांचा वाद. त्यावर बराच ऊहापोह होऊनही दुसरा तोडगा निघालेला नाही. रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळेत दाराशी असलेले सर्व बूट सामाईक मालमत्ता मानावेत, आणि पाचनंतर ज्याला जो बूट ओला सापडेल त्याने तो मुकाट्याने घालून रांगेत उभे राहावे.